लायका की डीएसएलआर? चाकणच्या गेटमधून आत गेल्यावर कोणता कॅमेरा पैसे कमावतो



फोटोग्राफीचा धंदा म्हटलं की आपल्याकडे लग्न, प्री-वेडिंग आणि बारसं यापलीकडे कुणी विचार करत नाही. त्या बाजारात गर्दी किती आहे आणि रेट कुठे आलेत, हे वेगळं सांगायला नको. पण आपण राहतो कुठे? पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, भोसरीची एमआयडीसी भरली आणि मग चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत शेड उभे राहिले. मोठ्या गाडी कंपनीच्या मागे तिला सुटे भाग देणारे व्हेंडर आहेत. त्यांच्याही मागे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी टाकून बसलेले छोटे जॉबवर्कवाले आहेत. या सगळ्यांना फोटो लागतात, आणि बरेच जण आजही सुपरवायझरच्या मोबाईलवर काढलेला, मागे चहाचा कप दिसणारा फोटो कोटेशनला जोडतात.

हे काम करायचं ठरवलेल्या मुलांकडून एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. "सर, डीएसएलआर तर सगळ्यांकडेच आहे. मी डिजिटल रेंजफाइंडर घेतला, लायका घेतला, तर वेगळा दिसेन ना? क्वालिटी पण वरची मिळेल."

प्रश्न चांगला आहे. नुसतं "महाग आहे, नको" म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पण उत्तर कॅमेऱ्याच्या ब्रोशरमध्ये सापडणार नाही. ते तुमच्या पहिल्या वीस बिलांमध्ये आहे. माझं मत आधीच सांगतो: या पट्ट्यात इंडस्ट्रियल फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचा असेल, तर पहिला संच वापरलेल्या डीएसएलआरचा. रेंजफाइंडर घ्यायचाच तर नंतर, आणि तोही विशिष्ट कामासाठी. आता कारणं बघू.

रेंजफाइंडर म्हणजे नेमकं काय

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो, वरच्या प्रिझममधून वळतो आणि तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे लेन्स जे बघते तेच तुम्ही बघता. बटण दाबलं की आरसा वर जातो, क्षणभर अंधार होतो, फोटो निघतो.

रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. तुम्ही बघता ते लेन्सच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात असलेल्या एका वेगळ्या खिडकीतून. त्या खिडकीच्या मध्यभागी एक छोटा उजळ चौकोन असतो, त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवून त्या दोन प्रतिमा एकावर एक बसवल्या की फोकस झाला. सगळं हाताने. लायकाच्या एम मालिकेत ऑटोफोकस नाही. फोटोत किती भाग येणार, हे खिडकीत दिसणाऱ्या पांढऱ्या रेघांच्या चौकटीवरून कळतं.

लायकाचा एम ३ आला १९५४ मध्ये, म्हणजे पिंपरीचा अँटिबायोटिक्सचा कारखाना आणि हा कॅमेरा एकाच वर्षाचे! डिजिटलमध्ये पहिला रेंजफाइंडर मात्र लायकाचा नव्हता. तो एप्सनने २००४ मध्ये काढला, आर-डी १. लायकाचा एम ८ आला २००६ मध्ये, फुल फ्रेम एम ९ आला २००९ मध्ये आणि ६० मेगापिक्सेलचा एम ११ जानेवारी २०२२ मध्ये.

या रचनेचे फायदे खरे आहेत, ते नाकारायचे नाहीत. आरसा नसल्यामुळे बॉडी पातळ, लेन्स छोट्या, आवाज कमी. चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे कोण फ्रेममध्ये येणार आहे हे आधीच कळतं. फोटो निघतानाही समोरचं दृश्य डोळ्यासमोरून जात नाही. रस्त्यावर आणि माणसांमध्ये काम करणाऱ्यांनी हा कॅमेरा जीव लावून वापरला तो यामुळेच. हेन्री कार्तिए-ब्रेसाँने १९४७-४८ मध्ये भारतात जे काम केलं, गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे फोटो त्यात आले, ते लायकावर. पण ब्रेसाँला कुणी ब्रेक पिस्टनच्या खाचेचा क्लोज-अप मागितला नव्हता!

आता कामाकडे या: जॉबचा फोटो

चाकण-भोसरीत फोटोग्राफरला सगळ्यात जास्त वेळा काय मागितलं जाईल? सुट्या भागाचा फोटो. शॉप फ्लोअरवर ज्याला "जॉब" म्हणतात तो. बुश, शाफ्ट, फ्लँज, गिअर ब्लँक, प्लास्टिक मोल्डिंग, रबर सील. वेबसाइटसाठी, इंडियामार्टवर टाकायला, प्रदर्शनाच्या बॅनरसाठी, परदेशी ग्राहकाला पाठवायच्या कॅटलॉगसाठी.

इथे रेंजफाइंडरची पहिली अडचण येते, आणि ती किमतीची नाही. एम लायकावर खिडकीतून फोकस होतो तो साधारण ७० सेंटीमीटरपर्यंतच. त्याच्या जवळ जाता येत नाही. ५० मिलिमीटरची लेन्स लावून ७० सेंटीमीटरवर उभे राहिलात, तर फ्रेममध्ये साधारण २८ बाय ४२ सेंटीमीटरचा भाग येतो. तुमचा जॉब आहे ५ सेंटीमीटरचा. म्हणजे रुंदीच्या जेमतेम आठव्या हिश्शात जॉब, बाकी सगळं रिकामं टेबल. एम ११ चे ६० मेगापिक्सेल आहेत, क्रॉप करू म्हणाल. करा. जॉबच्या वाट्याला अकराशेच्या आसपास पिक्सेल येतात. वेबसाइटच्या छोट्या चौकोनाला ते पुरतील, पण छापील कॅटलॉगमध्ये तीन-साडेतीन इंचांच्या पुढे फोटो ताणता येणार नाही. आणि क्यूएचा माणूस म्हणणार, "दादा, थ्रेड दिसत नाहीत नीट."

डीएसएलआरवर १०० किंवा १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावली, की एकास एक प्रमाण मिळतं. म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचा भाग पूर्ण फ्रेम भरतो. थ्रेडची धार, चॅम्फर, ग्राइंडिंगची फिनिश, कुठे राहिलेली बर, सगळं दिसतं. व्हेंडर हेच तर विकतोय! त्याच्या फिनिशचे पैसे त्याला मिळतात, आणि ती फिनिश दाखवण्याचे तुम्हाला.

दुसरी गोष्ट चमकेची. तेलाचा पातळ थर, पावडर कोटिंग, प्लास्टिक यांच्यावरची चकाकी पोलरायझर फिल्टर फिरवून कमी करता येते. उघड्या धातूची चमक नुसत्या फिल्टरने जात नाही, तिथे लाइटवरही पोलरायझिंग फिल्म लावावी लागते किंवा पांढऱ्या कागदाचा तंबू करून उजेड मऊ करावा लागतो. काहीही केलं तरी फिल्टर किती फिरवायचा हे लेन्समधून बघूनच ठरतं. रेंजफाइंडरच्या खिडकीत फिल्टरचा परिणाम दिसत नाही, कारण ती खिडकी लेन्समधून बघतच नाही.

जाणकार लगेच म्हणतील की २०१२ च्या टाइप २४० पासून बहुतेक एम बॉडींवर लाइव्ह व्ह्यू आहे, मागच्या स्क्रीनवर बघा, काही नव्या लेन्स ७० सेंटीमीटरच्या आतही फोकस होतात, मॅक्रोची जोडणीही मिळते. सगळं खरं. पण मग दिवसभर स्क्रीनवरच बघून काम करायचं असेल, तर त्या सुंदर रेंजफाइंडरचे लाखो रुपये मोजले कशाला?

शेड, मशीन आणि माणसं

प्लांट प्रोफाइल हे दुसरं मोठं काम. नवीन ग्राहक ऑडिटला येण्याआधी कंपनीला प्रेझेंटेशन करायचं असतं. शेड बाहेरून, असेंब्ली लाइन, सीएमएम रूम, स्टोअर्स, डिस्पॅच. इथे खांब सरळ दिसले पाहिजेत. वाइड लेन्स वर तिरपी केली की शेडचे कॉलम आत झुकतात आणि चांगली इमारत पडायला आल्यासारखी वाटते. यासाठी कॅनन आणि निकॉन दोघांच्याही डीएसएलआरला शिफ्ट होणाऱ्या २४ मिलिमीटरच्या लेन्स आहेत. विकत घेऊ नका, महिन्यातून एकदा लागते, पुण्यात भाड्याने घ्या. मुद्दा असा, की तुमच्या माउंटची लेन्स भाड्याने मिळणं हीसुद्धा "सिस्टिम" आहे. अचानक ७०-२०० लागली, फ्लॅशचा ट्रिगर बिघडला, बॅटरी घरी राहिली, तर दुसऱ्या फोटोग्राफर मित्राची वस्तू तुमच्या कॅमेऱ्याला बसली पाहिजे. लायका घेतलेल्या मित्राला मोशीच्या प्रदर्शनात सकाळी नऊ वाजता कोण बॅटरी देणार?

शॉप फ्लोअरवर सेफ्टी गॉगल सक्तीचा असतो, हे स्टुडिओत बसून लक्षात येत नाही. गॉगल लावून रेंजफाइंडरच्या खिडकीत २८ मिलिमीटरच्या चौकटीच्या कडा एका नजरेत दिसणं अवघड जातं. चष्मा वापरणाऱ्यांना हे लगेच पटेल.

कूलंटची वाफ, कास्ट आयर्नची काळी धूळ आणि ग्राइंडिंगचा बारीक कण यांचं वैर दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांशी आहे. मशीनजवळ लेन्स बदलू नका. त्यामुळेच दोन बॉडी बऱ्या, एकावर वाइड, दुसऱ्यावर मॅक्रो किंवा ८५. वापरलेल्या डीएसएलआरमध्ये दोन बॉडी परवडतात. लायकामध्ये एक घेतानाच घरच्यांना हिशोब द्यावा लागतो.

माणसांच्या फोटोत मात्र रेंजफाइंडरला पूर्ण मार्क. वेल्डरचा हेल्मेट वर केलेला घामेजलेला चेहरा, मायक्रोमीटर कानाजवळ धरल्यासारखा फिरवणारा जुना फिटर, खंडेनवमीला मशीनला हार घालणारी पहिल्या पाळीची पोरं. छोटा आणि शांत कॅमेरा असला की माणूस पोझ देत नाही. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, दसऱ्याच्या पूजेला, निवृत्तीच्या निरोपाला असे फोटो कंपनीला हवे असतात. पण त्याच कार्यक्रमात एमडी साहेब स्टेजवर बक्षीस देतात, हस्तांदोलन दोन सेकंदांत संपतं आणि एचआर मॅडमना साठच्या साठ जणांचे फोटो शार्प लागतात. तिथे हाताने फोकस करत बसणं म्हणजे उगीच जोखीम.

आणि सगळ्यात सरळ मुद्दा: व्हिडिओ. हल्ली फोटोचं कोटेशन दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "एक मिनिटाचा व्हिडिओ पण करून द्याल ना?" लायकाच्या एम १० आणि एम ११ मध्ये व्हिडिओ नाहीच. निकॉन डी ८५० (२०१७) किंवा कॅनन ५ डी मार्क ४ (२०१६) मध्ये ४ के आहे. म्हणजे निम्मं काम तुम्ही गेटवरच सोडून दिलं.

मोठं काम केलेल्यांकडून काय घ्यायचं

भारतात औद्योगिक फोटोग्राफीचं नाव घेतलं की मुंबईचे मित्तर बेदी आठवतात. १९२६ चा जन्म, १९८५ मध्ये निधन. देशात कारखाने उभे राहत होते त्या दशकांमध्ये त्यांनी पाइप, चिमण्या, टाक्या, यंत्रं अशी काही टिपली, की ते कृष्णधवल फोटो आज कलादालनांत लागतात. त्यांच्या फोटोंत उजेड कुठून येतोय आणि यंत्राचा आकार कुठे उठतोय हे बघा. ते काम उजेडाचं आणि जागेच्या समजेचं आहे. तुमच्या बजेटमधली शेवटची रक्कम बॉडीत घालायची की दोन फ्लॅश, स्टँड आणि सॉफ्टबॉक्समध्ये, हा प्रश्न पडेल तेव्हा ते फोटो एकदा डोळ्यांखालून घाला.

हप्त्याचा हिशोब

एम ११ अमेरिकेत आला तेव्हा फक्त बॉडीची किंमत होती ८,९९५ डॉलर. त्या वेळच्या ७४-७५ रुपयांच्या दराने साडेसहा लाखांच्या पुढे, तेही लेन्सशिवाय आणि आपल्याकडच्या करांआधी. पुढचे आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा बॉडी आणि एक लेन्स मिळून ९ लाख कर्ज काढलं. १२ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता येतो साधारण २०,००० रुपये. दुसऱ्या बाजूला, वापरलेल्या दोन डीएसएलआर बॉडी, मॅक्रो, एक झूम, एक ८५, दोन फ्लॅश, स्टँड मिळून अडीच लाख धरा. १२ टक्के, ३ वर्षं. हप्ता ८,३०० च्या आसपास. आता एका दिवसाच्या शूटमधून पेट्रोल, हेल्पर, एडिटिंग जाऊन हातात ४,००० राहतात असं धरलं, तर पहिल्याला महिन्याचे पहिले पाच दिवस फक्त बँकेसाठी शूट करायचंय. दुसऱ्याचं दोन-सव्वादोन दिवसांत भागतं, आणि तीन वर्षांनी तो मोकळा. मुद्रामध्ये पहिलं कर्ज "तरुण" गटात जातं, दुसरं "किशोर" मध्ये.

नव्या धंद्यात महिन्याला पाच दिवस काम मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यात कंपन्यांचं पेमेंट. लेखी करार असेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन आहे, करार नसेल तर १५ दिवसांत. यासाठी उद्यम नोंदणी आधी करा आणि बिलावर तो नंबर छापा. तरीही व्हेंडर कोड, पीओ, बिल पास होणं यात वेळ जातोच. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू.

लायकाच्या बाजूने एक आर्थिक मुद्दा नक्की आहे: त्याच्या लेन्सची किंमत पटकन पडत नाही. खरं आहे. पण ज्याच्या हातात खेळतं भांडवल कमी आहे, त्याने कपाटात किंमत टिकवून ठेवण्याला धंदा म्हणू नये.

स्वस्तातला जुना डिजिटल लायका घेऊ, असाही एक विचार असतो. जपून. एम ८ इन्फ्रारेड प्रकाशही पकडतो, त्यामुळे काळी सिंथेटिक कापडं जांभळट येतात. त्यासाठी लेन्सवर खास फिल्टर लावावा लागतो. कंपनीच्या काळ्या पॉलिस्टर टी-शर्टातल्या चाळीस जणांचा ग्रुप फोटो डोळ्यासमोर आणा! एम ९ च्या सेन्सरवरची काच खराब होण्याचा दोष प्रसिद्ध आहे. लायकाने बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले, आता ती मोफत सोय राहिलेली नाही. घ्यायचाच असेल तर सेन्सर बदलल्याचा कागद मागा.

पण डीएसएलआर तर बंद होतायत ना?

हो. कॅनन आणि निकॉन दोघांचाही जोर २०१८ पासून मिररलेसवर आहे, आणि कॅननने १ डीएक्स मार्क ३ हा आपला शेवटचा वरच्या दर्जाचा डीएसएलआर असल्याचं सांगून टाकलंय. नव्याने धंदा उभा करणाऱ्याला ही उलट चांगली बातमी आहे. लग्नवाले मिररलेसवर जात असताना त्यांच्या चांगल्या बॉडी आणि लेन्स बाजारात येतात.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, शटर किती वेळा चाललंय. डी ८५० चं शटर २ लाखांसाठी आणि डी ७५० व ५ डी मार्क ४ चं दीड लाखासाठी तपासलेलं आहे. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो, कॅननला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. दुसरी, लेन्स पुढे चालणार का. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आर बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस तिथे बंद पडतो, कारण त्यांना बॉडीतली मोटर लागते. म्हणून स्वस्त मिळते म्हणून डी लेन्स भरून ठेवू नका. उद्या बॉडी बदलली तरी आजच्या लेन्स सोबत येतील, असाच संच जमवा.

रेंजफाइंडर घेऊच नये असं मी म्हणत नाही. दोन-तीन वर्षांनी नियमित ग्राहक झाले, आणि एखादी कंपनी पन्नाशीनिमित्त आपल्या कामगारांवर पुस्तक करा म्हणाली, तर त्या कामासाठी भाड्याने घ्या, आठवडाभर वापरा, आणि बिलात दाखवा. मग ठरवा.

शेवटी गेटचं काम, कारण इथे पहिल्याच दिवशी दोन तास जातात. बऱ्याच प्लांटमध्ये मोबाईलच्या कॅमेऱ्यावरही स्टिकर लावतात, तिथे तुमची बॅग सहज आत जाणार नाही. आदल्या दिवशी आपल्या लेटरहेडवर प्रत्येक बॉडी, लेन्स, फ्लॅश यांची यादी सीरियल नंबरसह दोन प्रतींत टाइप करा आणि संपर्क अधिकाऱ्याला मेल करून ठेवा. एक प्रत सिक्युरिटी केबिनला, एक शिक्का मारून तुमच्याकडे. पेंट शॉप, सॉल्व्हंटचा साठा अशा जागी फ्लॅश किंवा कुठलंही बॅटरीचं उपकरण नेण्याआधी सेफ्टी ऑफिसरची लेखी परवानगी घ्या. सेफ्टी शूज स्वतःचे ठेवा, गेटवरचे उसने कधीच मापात बसत नाहीत. आणि बाहेर पडताना यादीवर "आउट" ची सही घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी रजिस्टरमध्ये तुमची मॅक्रो लेन्स अजून प्लांटच्या आतच असते.